छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने कमी उजेडात फोटो: गंगेवरच्या संध्याकाळसाठी पायरी-पायरीने

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हल्ली कपाटातला जुना छोटा डिजिटल कॅमेरा परत बाहेर काढलाय, आणि संध्याकाळी गंगेवर जाऊन फोटो काढून आले की मला पाठवतात आणि विचारतात, कॅमेरा बिघडलाय का गं? (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, मी पण इथे तसंच लिहितेय.) कॅमेरा बिघडलेला नसतो. फोटो साधारण तीनच प्रकारे गेलेले असतात. एक, सगळं हललेलं, दिव्यांना शेपट्या फुटलेल्या. दोन, पुढच्या माणसाचा चेहरा पिठासारखा पांढरा आणि मागे रामकुंड आहे का कोणाची गच्ची आहे ते कळायला मार्ग नाही. तीन, फोटो उजळ आलाय पण सगळीकडे रवा सांडल्यासारखे दाणे आणि माणसं पिवळीधमक.

तिन्हीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, कामं उलट्या क्रमाने केलेली असतात. अंधार पडला की हात आधी फ्लॅशकडे जातो, मग झूमकडे, आणि तरी जमलं नाही की आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) वर. खरा क्रम असा: वेळ साधा, फ्लॅश बंद करा, झूम मागे घ्या, कॅमेरा टेकवा, फोकस पकडा, आणि आयएसओला सगळ्यात शेवटी हात लावा. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा. साध्या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर (उजेड टिपणारा भाग) जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्याच्यावर उजेडच थोडा पडतो. फोनचा सेन्सर पण लहानच असतो पण फोन अंधारात पटापट बरेच फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवून एक करतो, आपला कॅमेरा बहुतेक वेळा एकच फोटो घेतो. म्हणून जे काम फोन गुपचूप करतो ते इथे आपल्याला हाताने करायचंय.

पायरी १: घरची तयारी (निघायच्या आदल्या दिवशी)

बॅटरी रात्रभर चार्ज करा आणि सकाळी नाही तर निघताना परत बघा. जुन्या बॅटऱ्या फुल दाखवतात आणि वीस फोटोत बसतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी तुम्हाला माहितीच आहे, थंडीत बॅटरी अजून लवकर उतरते, म्हणून दुसरी बॅटरी असेल तर ती बॅगेत नको, आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

कार्ड. कॅमेरा २००६ च्या आधीचा असेल तर त्यात साधं २ जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड चालण्याची शक्यता जास्त, नवीन ३२ जीबीचं घातलं की कार्ड एरर येतो आणि लोक समजतात कॅमेरा मेला. आधीचे फोटो कॉम्प्युटरवर घ्या आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

लेन्स. याच्यावर कोणी लक्ष देत नाही आणि रात्रीच्या फोटोची सगळ्यात जास्त वाट हीच लावते. दिवसा लेन्सवर बोटाचा ठसा असला तरी फारसं कळत नाही, रात्री मात्र त्याच ठशामुळे प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं आणि काळं आकाश राखाडी होतं. आधी रबरी पंपाने धूळ उडवा, मग चष्मा पुसायच्या मऊ कापडाने अलगद गोल गोल पुसा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे थेंब बसतात. ओढणी, पदर, रुमाल यांनीही नको, धूळ असली तर चरे पडतात.

मेनूमध्ये जाऊन एवढं करून ठेवा:

- मोड डायल ऑटोवरून काढून पी वर. ऑटोमध्ये फ्लॅश आणि आयएसओ तुमच्या हातात राहत नाहीत.
- डिजिटल झूम बंद. तो फोटो नुसता कापून मोठा करतो.
- बटणांचा आवाज बंद. आरतीच्या वेळी पीप पीप नको.
- सेल्फ टायमर २ सेकंदांवर कुठून होतो ते शोधून ठेवा.

आता रंगीत तालीम. रात्री घरातले दिवे घालवा, देवघरात एक निरांजन लावा आणि समोर बसून त्याचे दहा फोटो काढा. ज्योतीचा आकार दिसतोय का नुसता पांढरा गोळा आलाय, मागची मूर्ती कळतेय का, तांब्याच्या ताम्हनावरची चमक हललीय का. निरांजन जमलं की घाट जमतो, कारण दोन्हीकडे अडचण एकच आहे, मधे एक लहानसा झगझगीत उजेड आणि भोवती अंधार.

तपासा: अंधाऱ्या खोलीत, स्क्रीनकडे न बघता, फ्लॅश बंद करणं आणि टायमर लावणं जमतंय का? नसेल जमत तर अजून दहा मिनिटं बसा. घाटावर गर्दीत मागून धक्के बसत असताना मेनू शोधता येत नाही.

पायरी २: वेळ साधा

रात्रीचे चांगले फोटो रात्री येत नाहीत, तिन्हीसांजेला येतात. सूर्य बुडाल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटं आकाश गडद निळं असतं आणि घाटावरचे दिवेही लागलेले असतात, त्या वेळी दोन्हीचा उजेड जवळपास सारखा असतो म्हणून देवळांचे कळस आकाशातून वेगळे दिसतात. नंतर सगळंच काळं होतं आणि नारोशंकराच्या देवळाचा आकारच हरवतो, नुसते दिव्यांचे ठिपके उरतात. नाशिकला डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या आसपासच मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास, त्या हिशोबाने अर्धा तास आधी पोचा आणि जागा धरून बसा. त्रिपुरारी पौर्णिमेला तर अजून लवकर, कारण पाण्याजवळच्या पायऱ्या आधीच भरतात.

सावध: पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि स्क्रीनकडे बघत मागे पाऊल टाकणं हा पडायचा हमखास मार्ग आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर पाणी भराभर चढतं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी आलं असेल तर खाली उतरायचंच नाही, फोटो होळकर पुलावरून काढा.

पायरी ३: फ्लॅश बंद, आणि बंदच

छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरपर्यंतच पोचतो, झूम केलं की त्याहून कमी. तो पलीकडच्या काठापर्यंत जात नाही, आरतीच्या चौथऱ्यापर्यंत पण बहुतेक वेळा जात नाही. तो फक्त तुमच्या पुढे उभ्या असलेल्या काकांचं डोकं पांढरं करतो, आणि कॅमेऱ्याला वाटतं झालं, पुरेसा उजेड मिळाला, म्हणून मागचं सगळं काळं. हवेत धूर, धूळ नाही तर भुरभुर पाऊस असेल तर प्रत्येक कण फ्लॅशमध्ये चमकून फोटोभर पांढरे गोल येतात. त्यांना कोणी दैवी बिवी समजू नका, ती धूळ आहे.

काही कॅमेरे बंद करून परत चालू केले की फ्लॅश आपोआप ऑटोवर जातो. म्हणून दर वेळी चालू केल्यावर पडद्यावर विजेच्या खुणेवर काट आहे ना ते बघायची सवय लावा. फ्लॅश कुठे चालतो ते पायरी ९ मध्ये आहे.

पायरी ४: झूम पूर्ण मागे

कॅमेऱ्याच्या लेन्सवर बारीक अक्षरात काहीतरी १:३.३–५.९ असं लिहिलेलं असतं, आकडे तुमच्या कॅमेऱ्यावर थोडे वेगळे असतील. त्याचा अर्थ झूम मागे असताना लेन्सचं भोक ३.३ इतकं उघडतं आणि पूर्ण झूम केलं की ५.९, आणि आकडा वाढला की भोक लहान. ३.३ आणि ५.९ मधला फरक उजेडात साधारण तिप्पट आहे! म्हणजे तुम्ही लांबून झूम केलंत की तीनातले दोन भाग उजेड तुम्ही स्वतःच घालवलात, वर जितकं झूम तितक्या पटीने हाताची थरथर पण मोठी होते. त्यापेक्षा चालत जवळ जा. जाता येत नसेल तर रुंद फोटो काढा आणि घरी कापा, तो झूम केलेल्या हललेल्या फोटोपेक्षा चांगलाच निघतो.

पायरी ५: कॅमेरा टेकवा (सगळ्यात महत्त्वाचं हेच)

कमी उजेडात कॅमेऱ्याला जास्त वेळ डोळा, म्हणजे शटर, उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ तुमचा हात स्थिर राहत नाही, बस्स. झूम मागे असताना हातात धरून साधारण १/३० सेकंदापर्यंत फोटो स्थिर येतो, कॅमेऱ्यात थरथर थांबवायची सोय असेल तर १/८ पर्यंत ओढता येतं, त्याच्या पुढे टेकू हवाच.

सगळ्यात स्वस्त टेकू म्हणजे तांदळाची पुरचुंडी. जाड कापडाची लहान पिशवी शिवा किंवा जुन्या पायमोज्यात अर्धा किलो तांदूळ भरून तोंड घट्ट शिवून टाका, पूर्ण गच्च नको, थोडी सैल. घाटाच्या कठड्यावर, पुलाच्या भिंतीवर, गाडीच्या टपावर कुठेही ठेवा, कॅमेरा त्यात दाबा आणि हवा तसा तिरका करा, तो तसाच बसतो. छोटा तीन पायांचा स्टँड पण चालतो, कॅमेऱ्याच्या खाली त्यासाठी पाव इंची आटे असतातच, पण गर्दीत स्टँडला कोणाचा ना कोणाचा पाय लागतो आणि पुरचुंडीला लागत नाही.

टेकवलं तरी बटण दाबताना कॅमेरा हलतो. म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबा, हात काढा. आणि स्टँडवर ठेवल्यावर थरथर थांबवायची सोय बंद करा, बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत ती नसलेली थरथर शोधत बसते आणि उलट फोटो बिघडवते.

टेकायला काहीच नसेल तर स्वतःच टेकू व्हा. पायरीवर बसा, दोन्ही कोपरं गुडघ्यावर, कॅमेऱ्याची दोरी मनगटात, श्वास अर्धा सोडून थांबा आणि बटण दाबत नेल्यासारखं दाबा, टोचू नका. लागोपाठ चार-पाच फोटो घ्या, त्यातला एक तरी स्थिर निघतोच.

माझा स्वतःचा गेलेला फोटो सांगते. एका त्रिपुरारीला आई द्रोणातला दिवा सोडायला वाकली होती, माझ्या एका हातात पूजेचं ताट आणि दुसऱ्या हाताने मी लांब हात करून फोटो काढला. कॅमेऱ्याने १/४ सेकंद घेतला. ज्योतीच्या तीन रेघा आल्या आणि आईचा चेहरा म्हणजे नुसता डाग, आणि त्या संध्याकाळचा तिचा दुसरा फोटो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या वर्षी मी आधीच खालच्या पायरीवर बसले, कोपरं गुडघ्यावर ठेवली आणि तिला सांगितलं, "आई, दिवा पाण्यावर ठेवलास की हात तसाच ठेव, मी हो म्हणेपर्यंत." ती म्हणाली, "लवकर कर गं, पाणी गार आहे." आयएसओ ८०० आणि १/१५ सेकंद. बांगड्या, द्रोणाची कड, पाण्यातलं ज्योतीचं प्रतिबिंब, सगळं आलं. कॅमेरा तोच होता.

तपासा: पहिला फोटो काढला की स्क्रीनवर पूर्ण मोठा करून एका दिव्याकडे बघा. दिवा ठिपका आहे का रेघ? रेघ असेल तर कॅमेरा हललाय, पुढे जाऊ नका, टेकू बदला. दिवा ठिपका आहे पण माणसं पुसट असतील तर माणसं हललीत, ते पायरी ७ मध्ये.

पायरी ६: फोकस

अंधारात कॅमेरा फोकस शोधत पुढे-मागे करत बसतो, कारण त्याला उजेड आणि काळोखाची स्पष्ट कड लागते. सपाट अंधाऱ्या पाण्यावर त्याला काही सापडत नाही. म्हणून:

1. मधली चौकट अशा जागी न्या जिथे कड आहे. पेटलेल्या दिव्याची कड, देवळाच्या कमानीची कड, दुकानाच्या पाटीचं अक्षर.
2. बटण अर्धं दाबा. चौकट हिरवी होईपर्यंत थांबा.
3. बटण तसंच अर्धं धरून कॅमेरा हवा तिकडे वळवा आणि मग पूर्ण दाबा.

चौकट पिवळी किंवा लाल होत असेल तर तसाच फोटो काढू नका, तो जाणारच. दुसरी कड शोधा, पण तेवढ्याच अंतरावरची. लांबचा काठ घ्यायचा असेल तर डोंगराच्या खुणेचा मोड असतो, तो लावला की फोकस लांबवर बसतो आणि शोधाशोध वाचते. जवळच्या फुलाच्या खुणेचा मोड मात्र बंद आहे ना ते बघा, तो चुकून चालू राहिल्यामुळे आख्खा घाट पुसट आलेले फोटो मी बरेच बघितलेत.

कॅमेऱ्याच्या पुढचा लाल किंवा नारिंगी मदतीचा दिवा जवळच्या माणसाला उपयोगी आहे, आरतीत किंवा कीर्तनात बंद ठेवा, लोकांच्या डोळ्यात जातो.

पायरी ७: आता आयएसओ

आयएसओ दुप्पट केला की वेळ निम्मा लागतो. घाटाच्या दिव्यांच्या उजेडात झूम मागे असताना साधारण असं जमतं:

- आयएसओ १०० – १/२ सेकंद
- २०० – १/४
- ४०० – १/८
- ८०० – १/१५
- १६०० – १/३०

आता ठरवा कशाचा फोटो आहे. इमारत, पूल, पाण्यातली प्रतिबिंबं असतील तर ती हलत नाहीत, कॅमेरा पुरचुंडीवर ठेवा आणि १०० किंवा ८० जेवढा कमी असेल तेवढाच घ्या, दाणे येणारच नाहीत. माणूस असेल तर ४०० ते ८००, आणि त्याला क्षणभर थांबायला सांगा. आरतीत फिरणारे हात स्थिर पकडायला १/१२५ तरी लागतं आणि तेवढा उजेड या कॅमेऱ्याला मिळत नाही, म्हणून तो हट्ट सोडा. आरती ओवाळताना हात वरच्या टोकाला पोचून परत फिरतो तिथे निमिषभर थांबतो, तिथे बटण दाबा. किंवा कॅमेरा टेकवून एक-दोन सेकंदांचा फोटो घ्या, ज्योतींची वर्तुळं येतात आणि मागचं देऊळ स्थिर राहतं, मला तरी तोच जास्त आवडतो.

१६०० च्या वर या लहान सेन्सरवर जाऊ नका. मेनूत ३२०० लिहिलेलं असतं, पण चेहऱ्याची कातडी मेणासारखी होते.

रात्रीच्या मोडमध्ये काही कॅमेऱ्यांत १५ सेकंदांपर्यंत वेळ देता येतो. एवढा वेळ घेतलेल्या फोटोनंतर स्क्रीनवर "प्रक्रिया चालू" अशा अर्थाचा संदेश येतो आणि काही कॅमेरे फोटोला लागला तेवढाच वेळ अजून घेतात, दाणे काढत असतात. घाबरून बंद करू नका नाही तर फोटो जातो.

एलईडीचं एक वेगळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण वेगवान शटरला कळतं. नाशिकच्या मेन रोडला गणपतीचे देखावे किंवा दिवाळीच्या माळा काढताना फोटोत काळे पट्टे आले तर आयएसओ कमी करून शटर १/५० किंवा त्याहून सावकाश ठेवा.

पायरी ८: उजेड कमी करा, वाढवू नका

हे लोकांना उलट वाटतं. चौकटीत काळं आकाश जास्त असेल तर कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारात आहे आणि तो फोटो ओढून उजळ करतो, मग आकाश राखाडी, दिवे पांढरे गोळे आणि दुकानाच्या पाटीवरची अक्षरं गायब. अधिक-उणेच्या खुणेचं बटण शोधा आणि उणे २/३ किंवा उणे १ करा. वेळ पण कमी लागतो, म्हणजे हलणं कमी होतं. दोन्हीकडून फायदा.

सावध: अंधारात स्क्रीन खूप झगझगीत दिसते, म्हणून तिथे छान वाटलेला फोटो घरी काळवंडलेला निघतो. स्क्रीनचा उजेड आधीच कमी करा, आणि उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) दाखवायची सोय असेल तर ती बघा. सगळा ढीग डाव्या भिंतीला चिकटला असेल तर जास्तच अंधार झालाय.

रंगाचं (मेनूतलं व्हाइट बॅलन्स) थोडक्यात. ऑटो रंग कधी कधी दिव्याचा पिवळेपणा मारतो आणि आरती ट्यूबलाइटखाली झाल्यासारखी दिसते. ज्योतीसाठी सूर्याची खूण लावा, ऊब राहते. पिवळ्या बल्बखालच्या घरगुती फोटोत चेहरे फार पिवळे येत असतील तर बल्बची खूण.

पायरी ९: पुढे माणूस, मागे दिवे

फ्लॅश चालतो तो इथेच. माणूस दोन मीटरवर, मागे दिव्यांचा घाट. माणूस आणि चांदणीची खूण असलेला रात्रीच्या माणसाचा मोड लावा, किंवा फ्लॅश स्लो सिंक्रोवर. फ्लॅश माणसाला उजळतो आणि शटर पुढे थोडा वेळ उघडं राहून मागचे दिवे घेतं. कॅमेरा टेकवलेला हवा. आणि फ्लॅश पडला की लोक लगेच हलतात, ही यातली कायमची चूक आहे, मग चेहऱ्याभोवती भूत दिसतं. आधीच सांगून ठेवा, "फ्लॅश पडला तरी तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही."

आणि एक कळकळीची विनंती. रामकुंडावर लोक अंघोळ करत असतात, दशक्रिया विधी चालू असतात, कोणी अस्थी घेऊन आलेलं असतं. त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका, फ्लॅश तर नाहीच. कोणाचा चेहरा जवळून घ्यायचा असेल तर विचारा, बहुतेक लोक हो म्हणतात आणि मग स्थिर पण उभे राहतात.

पायरी १०: परत आल्यावर

लेन्स आत गेल्यावरच कॅमेरा खिशात टाका, बाहेर राहिलेल्या लेन्सच्या फटीतून धूळ आत जाते. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते, ती पुसत बसू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आपोआप जाते.

कॅमेऱ्यावर बघून फोटो उडवू नका, लहान स्क्रीनवर हललेला आणि स्थिर यातला फरक नीट कळत नाही. घरी कॉम्प्युटरवर घ्या, मोठे करून बघा, मग निवडा. दाणे घालवायचे असतील तर थोडेच घालवा, नाही तर चेहरा मेणाचा होतो, आणि मूळ फाइल तशीच ठेवून कॉपीवर काम करा. निवडलेल्या प्रत्येक फोटोचा आयएसओ आणि शटर फाइलच्या माहितीत दिसतं ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच जागी अंदाज लावायची गरज पडत नाही.

बॅटरी लगेच चार्जिंगला लावा. आणि पुरचुंडी घाटावर ओली झाली असेल तर तांदूळ बदला, तशीच कॅमेऱ्याबरोबर बॅगेत ठेवली तर दुसऱ्या दिवशी वास येतोच, पण ती ओल कॅमेऱ्यात पण शिरते.